आखाजीचा वारा

जागा बघायला आम्ही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात गेलो, तिथेच चुकलो. चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्यातल्या एका डोंगरावर वायरलेसचा रिपीटर बसवायचा होता. वीज नाही, शेवटची चढण पायी. खाली जीव नकोसा करणारं ऊन आणि वर टोपी उडवणारा वारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा मी पाहिल्या होत्या. धुळ्याकडे फिरतात, तर इथे का नाही फिरणार?

रिपीटरला सरासरी ४० वॅट, म्हणजे दिवसाला जवळपास एक युनिट. ३०० वॅटची सोलर पॅनेलं, एक किलोवॅटची छोटी पवनचक्की, २४ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या. पावसाळ्यात ऊन कमी पडलं तर वारा भरून काढेल, असा कागदावरचा हिशोब.

पोळ्याच्या आठवड्यात सलग झड लागली आणि दुसऱ्याच रात्री रिपीटर बंद पडला. खाली नाल्याला पूर. पलीकडे गेलेले आमचे दोघे जण सुखरूप आहेत की नाही, हे सकाळपर्यंत कळलं नाही. मी वर पोहोचलो तेव्हा चक्कीची पाती जेमतेम हलत होती. सामान वाहून आणणारे पावरा बाबा म्हणाले, “भाऊ, सागाला पानं फुटली की इथं वारा उतरत नाही.”

मे महिन्यात साग उघडाबोडका असतो. आम्ही वारा जोखला तो त्या निष्पर्ण रानातला. ऑगस्टमध्ये सुपाएवढ्या पानांची भिंत उभी राहिली होती, आणि आमचा खांब तिच्याहून जेमतेम उंच.

वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. चक्कीवर लिहिलेला एक किलोवॅट सेकंदाला १२ मीटर वाऱ्याचा होता. ४ मीटरला हाती येतात ३५-४० वॅट, तेही वारा अखंड राहिला तर.

म्हणून सांगतो, वर्षभर वारा मोजल्याशिवाय चक्कीवर पैसे घालू नका. निदान आषाढ-श्रावण तरी मोजा, आणि खांबाच्या उंचीवरच मोजा. पाती आसपासच्या शेंड्यांपेक्षा तीसेक फूट तरी वर हवीत. वनजमिनीवर झाड तोडायचा विचारही नको. पॅनेलं सर्वांत वाईट पंधरवड्याच्या हिशोबाने घ्या, वारा वरकड धरा. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नका, आणि तेवढ्यात तीन दिवस निघाले पाहिजेत. पत्र्याच्या खोलीत तर ती ठेवूच नका. खानदेशचा उन्हाळा तिचं आयुष्य खातो. बॅटरी भरल्यावर चक्कीची वीज जिरवणारी कॉइल मात्र हवीच. बिनभाराची चक्की वादळात सुसाट सुटते.

आम्ही पॅनेलं तिप्पट केली, बॅटऱ्याही. चक्की काढली नाही. आखाजीला ती झकास फिरते. तेव्हा बॅटऱ्या दुपारच्या आतच उन्हाने भरलेल्या असतात.