समासातील शेरा

अहमदनगर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

नाताळची सुट्टी संपवून तू पुण्यास परतलास, त्या संध्याकाळी आजोबांचे जुने इंग्रजी बायबल कपाटात ठेवताना उत्पत्तीच्या पहिल्याच पानावर माझी दृष्टी खिळली. समासात छापलेल्या ‘ख्रिस्तपूर्व ४००४’ या आकड्यावर पेन्सिलीने काट मारून तू शेजारी ‘१३८० कोटी वर्षे’ असे लिहिले आहेस, आणि पहिल्या दिवसाचा प्रकाश म्हणजेच महास्फोट, असा निवाडाही खाली देऊन टाकला आहेस. आजोबांच्या पुस्तकावर रेघ ओढलीस म्हणून मी रागावलेलो नाही. परंतु त्या दुरुस्तीविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझी उमेदीची वर्षे मामलेदार कचेरीत गेली. मूळ सनद कोणती आणि समासात कुणा कारकुनाने मारलेला शेरा कोणता, हा भेद दोन पिढ्यांनी विसरला, की शेऱ्यालाच हुकूम समजून भाऊबंद कज्जे लढवू लागतात, हे मी तेथे पुष्कळदा पाहिले. ४००४ हा तसाच शेरा. आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळी आणि राजांच्या कारकिर्दी यांचा मेळ घालून तो काढला व १६५० साली प्रसिद्ध केला. माणूस गाढा विद्वान, हिशेब त्या काळाच्या मानाने चोख. पुढे तो आकडा इंग्रजी बायबलांच्या समासात छापला जाऊ लागला आणि वाचणाऱ्यांना शास्त्रवचनाइतकाच पक्का वाटू लागला. खडकांचे वय सांगणारे भूगर्भशास्त्र आले तेव्हा कित्येकांची श्रद्धा डळमळली ती या समासापायी. आता त्याच समासात तू नवा शेरा मारतो आहेस.

ज्यांच्या सिद्धांताच्या आधारे तू तो मारलास, ते झॉर्झ लमेत्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. विश्व विस्तारत आहे हे त्यांनी १९२७ साली गणिताने मांडले, आणि १९३१ साली आद्य अणूची कल्पना. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी, सृष्टीच्या आरंभाला आता विज्ञानही साक्ष देत आहे, अशा आशयाचे भाषण केले. दुसरा कोणी हरखून गेला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. सिद्धांत अजून वादात होता: खगोलशास्त्रज्ञ हॉइल प्रभृतींचा स्थिर विश्वाचा पक्ष तेव्हा जोरात होता, आणि महास्फोटाला सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा भक्कम पुरावा तर १९६५ साली जाहीर झाला. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून अलिप्त आहे, नास्तिकालाही तो खुशाल स्वीकारता येईल, असे या पाद्र्याचे म्हणणे होते. त्या भाषणाच्या पुढल्या वर्षी रोममध्ये जगातील खगोलशास्त्रज्ञ भरले, त्या वेळी पोपनी तो दाखला पुन्हा दिला नाही. हॉइल यांचे सहकारी, आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर, महास्फोटाविषयी साशंकच राहिले. त्यांचा पक्ष उद्या खरा ठरला, तर तू परमेश्वराला रजा देणार आहेस काय?

तेव्हा मूळ लेखच सावकाश वाच. प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. सूर्यावाचून दिवस उगवत नाही, एवढेही लिहिणाऱ्यास ठाऊक नव्हते असे का तुला वाटते? शिवाय तेथे सूर्यचंद्रांची नावे नाहीत. एक मोठी ज्योती, एक लहान, इतकेच. बाबिलोनसारखे शेजारी ज्यांना देव मानून पूजत, त्यांना त्या लेखकाने, नावसुद्धा न घेता, घरातल्या दिव्यांच्या पंक्तीस बसवले! ही जरब मला कोणत्याही आकड्याहून मोठी वाटते, आणि १३८० कोटी तेथे डकवले की ती दिसेनाशी होते. ताऱ्यांच्या गतीविषयी शास्त्रवचनाचा हवाला देऊन भलतेच बोलणारा ख्रिस्ती माणूस आपल्याबरोबर शास्त्रवचनाचेही हसे करतो, असे संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभीच, याच उत्पत्तीवरील भाष्यात, बजावून ठेवले आहे.

प्रयोगशाळेत तुझे गुरुजी सांगतील ते मन लावून शीक. त्या आकड्याची मला मुळीच धास्ती नाही.

शेजारचे गुरुजी शनिवारी पुण्यास येत आहेत, त्यांच्याबरोबर बायबल पाठवीत आहे. तुझे अक्षर मी खोडलेले नाही. अशर यांचा आकडा छापील, तो निघायचा नाही, तुझा निघेल. मात्र खोडरबर हलक्या हाताने चालव, गेल्या पावसाळ्यापासून त्या पानाची कड सुटत चालली आहे.

तुझा,
मामा