चेहऱ्याला हात लावायचा नाही

पोरी, होस्टेलवर आल्यापासून तुझ्या चेहऱ्यावर प्रत्येकीनं आपापला उपाय करून बघितलेला दिसतोय. एकीनं लिंबू चोळायला सांगितलं, दुसरीनं टूथपेस्ट, तिसरीनं स्वतःच्या पर्समधली ट्यूबच काढून दिली. लिंबू आणि टूथपेस्ट आजच सोड. त्यानं कातडी भाजते आणि मुरुम गेला तरी काळा डाग मागे राहतो. ट्यूबबद्दल मात्र नीट बसून ऐक. पेठेतल्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे माझं आयुष्य गेलंय. मुरुमांनी चेहऱ्याचं जेवढं नुकसान केलं नाही, तेवढं या ट्यूबांनी केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं की ते स्टेरॉइड. चार दिवसांत लाली उतरते, रंग उजळल्यासारखा वाटतो, म्हणून तर ती ट्यूब एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरते. पुढे कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. आणि लावायची थांबवली की मुरुम आधीपेक्षा जोरात उठतात, की पुन्हा तीच ट्यूब. यावरूनच देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी आवाज उठवला आणि २०१८ मध्ये सरकारनं असली १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरी मागणारे येतात, देणारेही भेटतात. तू मागू नकोस. बरेच दिवस लावली असशील तर मनानं काही न करता डॉक्टरांना खरं ते सांग. ती कशी सोडवायची हे त्यांना कळतं.

आता मुरुमांकडे येऊ. ते घाणीनं येत नाहीत, हे आधी मनात पक्कं कर. वयात येताना हार्मोन वाढतात, कातडीखालच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशींनी छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. हे सगळं आत चालतं. वरून कितीही घासलंस तरी त्यातलं काही निघत नाही, उलट कातडी चिडते. म्हणून दिवसातून दोनदाच तोंड धुवायचं, सौम्य फेसवॉशनं, नुसत्या बोटांनी, आणि टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. पुण्यात वाघोली-उंड्रीकडे टँकरचं जड पाणी येतं, तिथं तर साबणाचा थर कातडीवर तसाच बसतो. दिवाळीचं उटणं अंगाला हौसेनं लाव, पण सुजलेल्या मुरुमांवर ते रगडायचं नाही.

पुण्यात मुलगी गाडीवर निघाली की स्कार्फ बांधतेच. बांध, धूळ आणि ऊन दोन्ही अडतं. पण तोच घामट स्कार्फ आठवडाभर गुंडाळलास तर हनुवटी आणि जबड्याच्या कडेनं पुटकुळ्या उठणारच. सुती घे, दोन-तीन ठेव, रोज धुतलेला बांध. हेल्मेटच्या पट्ट्याचंही तेच आहे, आतला फोम आणि पट्टा पुसत जा, खाली सुती कापड बांध. हेल्मेट मात्र घालायचंच, मुरुमांचं निमित्त करून ते डिकीत गेलेलं मला चालणार नाही. पर्वती चढून आलीस किंवा क्लासवरून घामाघूम आलीस की साध्या पाण्यानं चेहरा धू, तेवढं पुरे.

केसांना तेल लावायला माझी ना नाही. आपल्या घरात खोबरेलाशिवाय कुणी वाढलेलं नाही. पण रात्रभर डोकं चप्प करून झोपलीस की ते कपाळावर आणि उशीवर उतरतं, आणि खोबरेल छिद्रं बुजवणाऱ्यांपैकी आहे. धुण्याआधी तासभर लाव, कपाळाच्या कडेला लावू नकोस. उशीचा अभ्रा वरचेवर बदल.

खाण्याबद्दल लोक फार बोलतात. तळलेल्यानं मुरुम येतात असं सगळे म्हणतात, पण त्याला पुरावा फारसा नाही. साखर आणि मैद्याचा संबंध त्याहून जास्त दिसतो. क्रीमरोल, कोल्ड्रिंक, दुपारच्या जेवणाऐवजी कोल्ड कॉफी, हे कमी कर. मेसमध्ये भाकरी मिळते त्या दिवशी भाकरी खा. काहींना दुधानं वाढतात, बघ तुला काय होतं ते. आणि जिमला जाणाऱ्या तुझ्या दादाला सांग, पाठीवर एवढे मुरुम उठलेत तर व्हे पावडरचा डबा महिना-दोन महिने बंद ठेवून बघ.

औषधं आहेत आणि ती चांगली आहेत, फक्त लावायची रीत हवी. बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचं घ्यायचं, जास्त टक्क्यानं जळजळच जास्त. ते कापडाचा रंग उडवतं, तेव्हा पांढरा टॉवेल वापर. अडापालीन रात्री लावायचं, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, एकेका मुरुमावर ठिपके न देता सगळ्या भागावर पातळ. सुरुवातीला एक दिवस आड, वर साधं मॉइश्चरायझर. कातडी सोलते, कधी पहिल्या काही आठवड्यांत मुरुम वाढल्यासारखे वाटतात, आणि तिथंच मुली औषध सोडतात. आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. तिसऱ्या दिवशी आरशात गुण शोधू नकोस. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर अडापालीन लावायचं नाही. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांची तर गोष्टच वेगळी. तीव्र मुरुमांवर त्या फार उपयोगी, पण गर्भाला त्यांनी व्यंग येतं. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर त्या कधीही आणायच्या नाहीत.

फोडायचं तर नाहीच. आपल्या सावळ्या कातडीवर मुरुम बसला तरी तपकिरी डाग कित्येक महिने राहतो आणि उन्हानं गडद होतो. म्हणून सकाळी एसपीएफ तीसचं, तेलकट नसलेलं सनस्क्रीन लाव, पावसाळ्यातसुद्धा. डाग आज ना उद्या जातो. नखानं पडलेला खड्डा आपणहून भरत नाही.

लग्नाकार्यात नातेवाईक बायका भेटल्या भेटल्या ‘चेहऱ्याला काय झालं गं?’ विचारतील. त्यांना वाटतं आपण काळजीनं विचारतोय. त्यांच्यासाठी आदल्या दिवशी पार्लरमध्ये ब्लीच करून घेऊ नकोस, आणि फोटोत यायचं टाळूही नकोस. चेहऱ्यापायी क्लास बुडवावासा वाटला, खोलीबाहेर पडावंसं वाटेना, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. लपवू नकोस.

आणि पाळी लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर नुसत्या क्रीमनं भागणार नाही. तो पीसीओडी, म्हणजे अंडाशयाशी जोडलेला हार्मोनचा बिघाड, असू शकतो, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायला हवं. मोठ्या, दुखऱ्या गाठी येत असतील तर बारा आठवडेही थांबू नकोस, कारण खड्डे त्यांचेच पडतात. खासगी डॉक्टरांची फी जड वाटली तर स्टेशनजवळ ससून हे सरकारी रुग्णालय आहे, तिथं त्वचारोग विभाग आहे. या आठवड्यात एक सकाळ मोकळी ठेव आणि ती ट्यूब पिशवीत घालून ये, मी तुझ्याबरोबर येते.