घर बुधवारी बघ

बयो,

तुला हिंजवडीत नोकरी लागली म्हणून तुझ्या बाबाने सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पोर राहणार कुठे, असं विचारलं तर म्हणतो, ‘गेल्यावर बघू.’ माझाच भाऊ तो, दुसरं काय म्हणणार! मी बँकेच्या बदल्यांपायी नऊ बिऱ्हाडं केली. पहिली चार अडाणीपणाने निवडली, पाचवं घाईत, सहावं मैत्रिणीच्या भिडेखातर. सातव्यापासून थोडी अक्कल आली, पण तोवर निम्म्या भांड्यांना पोचे आलेले होते.

त्या सगळ्या पोच्यांचं सार एवढंच, की रविवारी घर आवडतं, बुधवारी कळतं. एजंट घर दाखवतो रविवारी सकाळी. रस्ता मोकळा, तू ताजीतवानी, गॅलरीत वारा. राहायचं मात्र असतं बुधवारच्या संध्याकाळी, पाय दुखत असताना, हातात भाजीची पिशवी घेऊन. त्या दमलेल्या पोरीला विचारून घर घे. बाकीचं खाली लिहिलंय. आत्याचं बोलणं लांबतं हे तुला माहीत आहेच.

आधी वस्ती

१. ऑफिसचं नेमकं फाटक विचारून घे, नुसतं ‘हिंजवडी’ म्हणून भागत नाही – फेज एक आणि फेज तीन ही कागदावर शेजारी असली तरी गर्दीच्या वेळी दोन गावं आहेत.

२. घर ठरवण्याआधी एका बुधवारी सकाळी नऊला जा आणि संध्याकाळी सहाला परत ये – नकाशा सांगतो किलोमीटर, चौक सांगतो तास. भूमकर चौक आणि शिवाजी चौक ही नावं तुला लवकरच स्वप्नात दिसतील.

३. हायवे रोज ओलांडावा लागेल की नाही, ते बघ – पुलाच्या पलीकडचं घर स्वस्त वाटतं, कारण उरलेलं भाडं तू पुलावर उभी राहून भरतेस.

४. तीन हजार वाचतात म्हणून लांब जाऊ नकोस – रोजचा दीड तास जास्त धरला तर बावीस दिवसांचे तेहतीस तास होतात. भाडं खिशातून जातं, अंतर आयुष्यातून.

५. पण ऑफिसच्या भिंतीला चिकटूनही राहू नकोस – सुट्टीच्या दिवशी तिथे चहाची टपरीसुद्धा उघडी नसते, आणि मग रविवारीही ऑफिसला गेल्यासारखंच वाटतं.

६. ‘इथून मेट्रो जाणार आहे’ असं म्हणत कोणी भाडं वाढवलं, तर आज डब्यात बसता येतं का, एवढंच विचार – पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही अख्खी मार्गिका सुरू व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला, त्याच्या किती आधीपासून जाहिरातींत ती धावत होती! येणाऱ्या गाडीत बसता येत नाही.

७. रात्रपाळी असेल तर कंपनीची गाडी दारापर्यंत येते की चौकात सोडते, ते आधी विचार – रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर दारापर्यंत वाहन द्यायचं, असं २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. ते मागायला लाजू नकोस.

८. दोन वस्त्या सारख्याच आवडल्या तर गावाकडच्या रस्त्याची धर – सातारा-कोल्हापूरकडच्यांना कात्रज सोयीचं, नगरकडच्यांना वाघोली, आणि आपली बार्शीची एसटी हडपसरवरून जाते. वाकडहून ती पकडायची तर अर्धं पुणे ओलांडावं लागतं, म्हणून शनिवारी किती वाजता निघायचं याचा हिशेब आताच कर.

९. वस्तीत ज्वारी दळून देणारी गिरणी आहे का, ते बघ – हसू नकोस. जिथे भाकरीचं पीठ मिळतं तिथे आपल्याकडची चार घरं असतात, आणि तापाने फणफणलीस तर वरण-भात त्यांच्यातल्याच कुणाकडून येतो.

१०. पहिला महिना पीजीत नाहीतर कॉट बेसिसवर काढ – शहर अनोळखी असताना घेतलेलं घर म्हणजे न बघता घातलेलं पातळ, निऱ्या कुठेतरी चुकतातच.

मग घर

११. पाण्याचं एजंटला विचारू नकोस, वॉचमनला विचार – एजंट म्हणतो चोवीस तास, वॉचमन टँकरचा आकडा सांगतो. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या अखेरीस एक दिवसाआड पाण्याची पद्धत पडली, त्यामुळे ‘पाणी येतं’ या दोन शब्दांवर खूश होऊ नकोस. कुठलं येतं, किती वेळ आणि टाकी केवढी, तेही विचार.

१२. घर बघायला गेलीस की स्वयंपाकघरातला नळ सोड, खाली बादली लाव आणि अंक मोज – तिसऱ्या बिऱ्हाडात मी नळ बघितला, धार बघितली नाही. वर्षभर पहाटे उठून करंगळीएवढ्या धारेखाली हंडा लावून पेंगत बसायचे.

१३. भिंतीवर जे टांगलंय ते उचलून बघ – चौथ्या घराच्या हॉलमध्ये देवीचं भलंमोठं कॅलेंडर होतं, आणि मी भाबडेपणाने हात जोडून चावी घेतली. जुलैत पान उलटायला गेले तर मागचा पोपडा हातात आला आणि जेवणाच्या ताटाएवढी हिरवट ओल दिसली. घरमालक म्हणाले, ‘देवी होती ना, म्हणून काढलं नाही.’

१४. कपाट उघडून नाक आत घाल – डोळ्यांना रंग फसवतो, नाकाला फसवता येत नाही.

१५. वरचा मजला किंवा पश्चिमेची खोली दुपारी चारला बघ, आणि भिंतीला हात लाव – सकाळी हवेशीर वाटणारी खोली एप्रिलमध्ये तवा होते.

१६. नदी जवळ असेल तर ‘पूररेषेच्या आत की बाहेर’ असं सरळ विचार, आणि मागच्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी किती आलं होतं ते शेजाऱ्याकडून काढ – बालेवाडी आणि वाकडच्या मधून मुळा वाहते. २५ जुलै २०२४च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, तेव्हा लोक झोपेत होते. नदीचा देखावा असतो गॅलरीतून, भाडं असतं पार्किंगपासून.

१७. प्रत्येक खोलीतून एकेक फोन लावून बघ – घरून काम करायचा दिवस आला आणि रेंज फक्त न्हाणीघरात असली, तर मीटिंग तिथूनच करावी लागते.

१८. रात्री नऊला बसस्टॉपपासून सोसायटीच्या फाटकापर्यंत एकटी चालून बघ, बाबाला फोनवर ठेव – दिवे, कुत्री आणि टपरीवरची टोळकी एजंटच्या फोटोत येत नाहीत.

१९. जिन्यात भेटेल त्या काकूंशी पाच मिनिटं बोल – आधीचा भाडेकरू का गेला, हे घरमालकाला कधीच आठवत नाही आणि काकूंना तारखेसकट आठवतं.

मग कागद

२०. फोटो बघून टोकन पाठवू नकोस, कितीही ‘आज रात्री दुसरं गिऱ्हाईक आहे’ म्हटलं तरी – कुलूप उघडल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही.

२१. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवूनच घे, नोटरीवर भागवू नकोस – महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. हे एकदा गोड आवाजात सांगितलं की समोरचाही जरा सावरून बसतो.

२२. मुद्रांकाचा बाऊ कोणी केला तर हिशेब मांड – पाव टक्का असतो. वीस हजार भाडं, साठ हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तरी सहाशेच्या आत बसतं. हल्ली एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो, तेव्हा ‘वेळ नाही’ हेही चालत नाही.

२३. नोटीस किती दिवसांची आणि लॉक-इन किती महिन्यांचा, या दोन ओळी मोठ्याने वाच – कंपनीने तिसऱ्याच महिन्यात बंगळूरला पाठवलं तर करारातलं तेच दोन ओळींचं कलम तुझे पैसे ठरवणार.

२४. चावी हातात आली की सामान आत नेण्याआधी सगळ्या घराचा व्हिडिओ काढ आणि घरमालकाला पाठव – डिपॉझिट देताना एक सही, परत घेताना दहा हेलपाटे. माझ्याकडून एकाने सहा खिळ्यांचे पैसे कापले, त्यातले पाच आधीच्या भाडेकरूचे होते.

२५. घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का, आणि मेंटेनन्स कोण भरणार, ते आत्ताच विचारून करारात लिहून घे – तोंडी गोडी अकराव्या महिन्यात आंबते.

२६. महावितरणचं मागचं बिल बघ, थकबाकी शून्य आहे ना – दुसऱ्याने लावलेल्या एसीचे पैसे आपण भरायचे नसतात.

२७. आई-बाबा आठ दिवस राहायला आले तर चालेल ना, आणि मुलींना यायची वेळ ठरवलेली आहे का, ते सोसायटीत विचार – बाहेरचे नियम पाटीवर असतात, आतले वॉचमनच्या तोंडात.

२८. भाडेकरूची माहिती पोलिसांत दिली का, याचा पाठपुरावा तूच कर, पोचही जपून ठेव – काही बिनसलं तर तू इथली राहणारी आहेस, हे सांगायला कागद लागतो.

आणि मग संसार

२९. खोलीतल्या जोडीदारणीला दोनच गोष्टी विचार, झोपतेस कधी आणि भांडी घासतेस कधी – आवडीनिवडी पुढे जुळतात, खरकटी ताटं जुळत नाहीत.

३०. पहिले अकरा महिने सोफा-फ्रीज विकत घेऊ नकोस, भाड्याने घे किंवा नसलेलं बरं – बिऱ्हाड पाठीवर आहे तोवर पाठीला पेलेल तेवढंच जमवावं.

३१. वर्षाच्या आत फ्लॅट बुक करायला कोणी भरीला घातलं तर माझं नाव सांग, ‘आत्या रागावते’ – नोकरी रुजायच्या आधी हप्ता रुजला की नोकरी सोडता येत नाही, आणि साहेबाला ते बरोबर कळतं.

३२. पहिल्या आठवड्यात तीन माणसांची नावं पाठ कर: वॉचमन, दूधवाला आणि शेजारच्या काकू – कुलूप आपण लावतो, पण घर राखतात ती ही माणसं.

एवढं सगळं जुळेल असं घर पुण्यात नाही, बार्शीतही नाही. दहातल्या सात गोष्टी जुळल्या तर हो म्हण, उरलेल्या तिन्हींची सवय होते. पाणी, रात्रीचा रस्ता आणि नोंदवलेला करार यांत मात्र तडजोड करू नकोस. चुकलीसच तर रडत बसू नकोस. मी सहा वेळा चुकले, तरी आज तुला शिकवतेच आहे.

चावी मिळाली की आधी बाबाला फोन कर, मग मला पत्ता पाठव. शेंगाची चटणी आणि शाळूचं पीठ घेऊन घर बघायला येते. रविवारी नाही, बुधवारी.