अडखळणारा होतकरू खेळाडू : ठेवावा की द्यावा?

गेल्या हिवाळ्यात द्वितीय वर्षाच्या वर्गात मी 'संधी परिव्यय' हा भाग शिकवीत होतो. एक वस्तू निवडली की दुसरी सोडावी लागते आणि जी सोडली तिचे मोल हीच निवडलेल्या वस्तूची खरी किंमत, एवढे सांगून झाले होते. बालाघाटातील आमचा वर्ग हिंदी माध्यमाचा असला तरी निम्म्या मुलांच्या घरी मराठी बोलली जाते. शेवटच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, मग दिल्लीच्या संघाने पृथ्वी शॉला वेळीच का दिले नाही?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या दिवशी तास संपला तरी उत्तर संपले नाही. ते येथे लिहून काढीत आहे.

प्रथम व्यवहार समजून घेऊ. रणजी करंडकासारख्या स्पर्धांत खेळाडू हा मुख्यतः आपल्या प्रदेशाशी बांधलेला असतो. बालाघाटचा मुलगा मध्य प्रदेशाकडून खेळेल, येथून अवघ्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचा गोंदियाचा मुलगा विदर्भाकडून. तेथे खेळाडूला वगळता येते, विकता येत नाही. २००८ साली आय.पी.एल. सुरू झाले आणि आपल्या क्रिकेटमध्ये अमेरिकन बेसबॉलमधील जुनी पद्धत शिरली. संघ खेळाडू राखून ठेवू शकतो, मुक्त करू शकतो किंवा दुसऱ्या संघाशी त्याची अदलाबदल करू शकतो. खर्चाला वरची मर्यादा असते. २०२२ च्या लिलावापूर्वी ती प्रत्येक संघाला ९० कोटी रुपये होती. म्हणजे एकाला ठेवणे याचा अर्थ दुसऱ्या कोणाला न घेणे. वर्गातला संधी परिव्यय तो हाच.

आता पृथ्वी शॉची हकीकत. विरारहून लोकलने मुंबईत खेळायला येणारा हा मुलगा. २०१३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याने हॅरिस शील्डच्या सामन्यात ५४६ धावा काढल्या. २०१७ च्या जानेवारीत रणजीच्या उपांत्य सामन्यात पदार्पणातच शतक, २०१८ च्या आरंभी एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे नेतृत्व, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३४. यापुढे उतार लागला. ऑस्ट्रेलियात घोटा दुखावला. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातील निषिद्ध द्रव्यामुळे आठ महिन्यांची बंदी आली. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडच्या कसोटीत तो दोन्ही डावांत त्रिफळाचीत झाला, ० आणि ४. बॅट आणि पॅड यांच्यामधली फट साऱ्या जगाने दूरदर्शनवर पाहिली. तरीही दोनच महिन्यांनी विजय हजारे करंडकात त्याने ८२७ धावांचा पाऊस पाडला, आणि २०२१ च्या आय.पी.एल.मध्ये १५ सामन्यांत ४७९ धावा काढल्या. दिल्लीने त्याला दर हंगामाला साडेसात कोटी देऊन राखून ठेवले. ९० कोटींत हा बारावा हिस्सा होतो.

पुढच्या तीन हंगामांचे आकडे असे : २०२२ मध्ये १० सामन्यांत २८३, २०२३ मध्ये ८ सामन्यांत १०६, २०२४ मध्ये ८ सामन्यांत १९८. त्यानंतर दिल्लीने त्याला मुक्त केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात ७५ लाख या मूळ किमतीलाही त्याला कोणी घेतले नाही. त्याच्या आदल्या महिन्यात मुंबईनेही त्याला रणजी संघातून वगळले होते. तेव्हा तो पंचवीस वर्षांचाही नव्हता.

"बघा सर, आधीच द्यायला हवे होते," असे वर्ग एकमुखाने म्हणाला. निकाल कळल्यावर शहाणपण सांगणे सोपे असते. म्हणून मी त्यांच्यापुढे दुसरे उदाहरण ठेवले, आणि तेही आपल्याच प्रदेशातले.

इंदूरच्या रजत पाटीदारला बंगलोरच्या संघाने २०२१ साली २० लाखांना घेतले. (कन्नड विभागाच्या वाचकांना ही कथा माझ्याहून अधिक पाठ असेल.) तो वयाने अगदी कोवळा नव्हता, पण या पातळीवर नवा होता. चार सामन्यांत ७१ धावा झाल्या आणि संघाने त्याला मुक्त केले. २०२२ च्या लिलावात त्याला कोणीही विचारले नाही. पुढे संघातील एक खेळाडू दुखापतीने बाहेर पडला म्हणून बदली खेळाडू म्हणून त्याला परत बोलावले गेले, आणि २५ मे २०२२ रोजी कोलकात्यात, हरलो तर घरी अशा सामन्यात, त्याने ५४ चेंडूंत नाबाद ११२ धावा काढल्या. महिन्याभराने बंगलोरलाच रणजीचा अंतिम सामना झाला, मध्य प्रदेश विरुद्ध मुंबई. पाटीदारने १२२ केले, मध्य प्रदेशाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. आपले प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुळात मुंबईचे. १९९९ साली त्याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते. आणि २०२२ च्या त्या सामन्यात मुंबईचा कर्णधार कोण होता? पृथ्वी शॉ. त्याने ४७ आणि ४४ केले. २०२५ साली पाटीदारच्या नेतृत्वाखाली बंगलोरने आय.पी.एल. जिंकले, तेव्हा शॉ कोणत्याही संघात नव्हता.

एकाच्या बाबतीत संघाने फार वाट पाहिली, दुसऱ्याच्या बाबतीत मुळीच पाहिली नाही. दोघेही अडखळतच होते. मग फरक कशात शोधायचा?

फळा आणि खडू घेऊन एक साधा हिशेब करू. समजा एखादा फलंदाज तीन डावांतून एकदा यशस्वी होतो. वीस षटकांच्या खेळात हे वाईट नव्हे. तो एका डावात अपयशी ठरण्याची शक्यता दोन-तृतीयांश. सलग चार डावांत अपयश येण्याची शक्यता दोन-तृतीयांश चार वेळा गुणून येते : ८१ पैकी १६, म्हणजे शंभरात सुमारे वीस. याचा अर्थ असा की, अगदी सारख्याच कुवतीचे पाच फलंदाज घेतले तर त्यांतील एक जण केवळ दैवाने चार वेळा ओळीने पडेल. त्याला घरी पाठवणारा संघ खेळाडूची पारख करीत नसतो. तो चिठ्ठ्या टाकीत असतो. पण आठ डावांचे हेच गणित केले तर उत्तर शंभरात चारवर येते आणि बारा डावांचे केले तर शंभरात एकाच्याही खाली. शॉचे तीन हंगामांचे २६ सामने झाले होते, सामन्यामागे २३ पेक्षा कमी धावा. तेथे दैवाला दोष देता येत नाही; काहीतरी खरोखरच बदललेले असते.

अर्थात, क्रिकेटचे डाव नाण्याच्या फेकीसारखे एकमेकांपासून सुटे नसतात. भीती एका डावातून दुसऱ्यात जाते. हिशेब म्हणजे कंदील. त्याच्या उजेडात चालावे लागते, तो आपल्यासाठी चालत नाही.

तथापि नुसत्या आकड्यांनी अदलाबदलीचा प्रश्न सुटत नाही, कारण तेथे दुसरी बाजूही असते : घेणारा. आपल्याकडील कोणत्याही बैलबाजारात जाऊन पाहा. धडधाकट दिसणारा बैल कोणी विकायला काढला की गिऱ्हाईक आधी दात बघते, मग चालवून बघते आणि शेवटी विचारते, "पण पाटील, विकता कशाला?" जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात हीच गोष्ट शास्त्रशुद्ध मांडली आणि २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विकणाऱ्याला मालाची आतली माहिती असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा किंमत पाडून मागतो. होतकरू खेळाडू अडखळत असताना विकायला काढला तर पडलेल्या धावा आणि वाढलेला संशय, दोन्हींची वजावट एकदम होते. म्हणून 'तो अडखळतो आहे' हे विकण्याचे कारण होऊच शकत नाही. ती गोष्ट बाजाराला आधीच ठाऊक असते आणि भावातून वजा झालेली असते.

मग कारण कोणते? माझ्या मते एकच : खेळाडूविषयीचे संघाचे मत बाजाराच्या मतापेक्षा वाईट असणे. रोज सरावाला कोण किती वाजता येतो, दाखवलेली चूक महिन्याभरात सुधारते की नाही, हे प्रशिक्षकाला दिसते. लिलावाच्या टेबलावर बसलेल्यांना दिसत नाही. आतल्या माणसाचा विश्वास बाहेरच्यापेक्षा कमी झाला असेल तर खेळाडूला द्यावे, आणि भाव चढा असतानाच द्यावे. उलट बाहेरचे नावे ठेवीत असताना आतल्याला सुधारणा दिसत असेल तर गप्प राहून ठेवावे. शॉच्या बाबतीत २०२२ चा हंगाम संपला तेव्हा बाजाराच्या डोळ्यांपुढे अजून राजकोटचा मुलगा होता. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध त्याने ३७९ काढले तेव्हा तर फारच. दिल्लीतील मंडळींना फट बुजत नाही असे दिसत असेल, तर देण्याची वेळ ती होती. १०६ धावांचा हंगाम झाल्यावर देण्याजोगे काही उरलेच नव्हते.

याला एक अपवाद. घरात त्याच कामाचा दुसरा चांगला माणूस असला तर खेळाडूत दोष नसतानाही देणे शहाणपणाचे ठरते. मयंक मार्कंडे या लेगस्पिनरने २०१८ मध्ये मुंबईसाठी १५ बळी घेतले. पुढच्या वर्षी त्याला तीनच सामने मिळाले, कारण राहुल चहर आला आणि त्याने १३ बळी घेतले. जुलै २०१९ मध्ये मुंबईने मार्कंडेला दिल्लीला देऊन वेस्ट इंडीजचा शर्फेन रदरफर्ड घेतला. याला मी चूक म्हणणार नाही.

ज्या खेळातून ही पद्धत आली, त्या बेसबॉलमध्ये हा प्रश्न फार जुना. १९८७ साली डेट्रॉइट टायगर्स या संघाकडे जॉन स्मोल्ट्झ नावाचा वीस वर्षांचा चेंडू फेकणारा मुलगा होता, डेट्रॉइटच्याच राज्यात वाढलेला. दुय्यम संघात त्याचे ४ विजय, १० पराभव. नऊ डावांमागे तो ५.६८ धावा देत होता. मुख्य संघ मात्र विजेतेपदाच्या शर्यतीत होता. ऑगस्टमध्ये त्यांनी स्मोल्ट्झला अटलांटाला दिले आणि छत्तीस वर्षांचा डॉइल अलेक्झांडर घेतला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात ९ सामने जिंकले, एकही हरला नाही. डेट्रॉइटने आपला गट अवघ्या दोन सामन्यांच्या फरकाने जिंकला, पुढच्या फेरीत मात्र तो हरला. अलेक्झांडर दोन वर्षांनी निवृत्त झाला. स्मोल्ट्झला १९९६ साली सर्वोत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये तो त्या खेळाच्या सन्मान-दालनात गेला. अमेरिकेत या सौद्याला आजही हसतात. मी हसणार नाही. अलेक्झांडरवाचून ते गट जिंकले नसते. पण वीस वर्षांच्या मुलाचे एका वर्षाचे आकडे म्हणजे तो मुलगा, असे समजून त्यांनी त्याला सर्वांत पडत्या भावात दिले, एवढे खरे.

शॉची हकीकत अजून संपलेली नाही. २०२५ साली तो स्वतःच मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला. पहिल्या रणजी डावात शून्य, पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध २२२. त्या डिसेंबरात लिलावात पहिल्या पुकाराला पुन्हा कोणी बोलले नाही; शेवटी ७५ लाखांना त्याला घेतले ते दिल्लीनेच. साडेसात कोटींचा दहावा हिस्सा!

दुसऱ्या दिवशी तो शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी एक वही घेऊन माझ्या खोलीत आला. तो आमच्या संघाचा फलंदाज, नुकताच वगळला गेलेला. हे मला ठाऊक नव्हते. वहीत त्याच्या ३१ डावांची नोंद होती. शेवटचे सहा पडलेले. त्याने घरी गुणाकार करून आणला होता : ७२९ पैकी ६४, शंभरात जवळपास नऊ. "सर, नऊ म्हणजे थोडे की पुष्कळ?" मी विचारले, या सहा डावांत बाद कसा झालास? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाच वेळा पायचीत."

मी वही मिटून त्याच्या हाती दिली आणि त्याला सरळ नेटमध्ये पाठवले.