ऑक्टोपस, गरुड आणि आपली रुक्मिणी

प्रश्न : अमेरिकेच्या एका गुप्त उपग्रहाच्या बिल्ल्यावर पृथ्वीला विळखा घालून बसलेला ऑक्टोपस पाहिला. गुपितच ठेवायचं तर बिल्ला शिवायचा कशाला? आपल्याकडे असलं काही असतं का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बिल्ला जगासाठी नसतोच मुळी. आपल्या कामठीला लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, त्यांची खूण गरुड. तो शत्रूला भेवाडायला थोडाच असतो? 'हा आपल्यातला' एवढं कळलं की झालं. गुप्त उपग्रहावर राबणाऱ्याला तर कामाचं घरीही बोलता येत नाही. मिरवायला उरतो तळहाताएवढा कापडाचा तुकडा.

तुमचा ऑक्टोपस 5 डिसेंबर 2013 ला कॅलिफोर्नियातून सुटलेल्या एनआरओएल-39 या उपग्रहाचा. खाली इंग्रजीत ओळ, अर्थ असा : आमच्या आवाक्याबाहेर काही नाही. त्याच वर्षी तिथल्याच गुप्तचर यंत्रणेत काम केलेल्या स्नोडेननं अमेरिकेची पाळत चव्हाट्यावर आणलेली, त्यामुळे लोक खवळले. पुढे तिथल्या माहिती अधिकारात कागद बाहेर आले आणि निघालं काय, तर वायरींचं जुडगं! चाचणीच्या या जुडग्याला इंजिनिअर 'ऑक्टोपस हार्नेस' म्हणत. त्यानं छळलं, म्हणून यांनी त्याला बिल्ल्यावर चढवलं.

चित्र कधीकधी चुगलीही करतं. 2000 च्या ऑगस्टमधल्या एनआरओएल-11 च्या बिल्ल्यावर पृथ्वीभोवती बाण होते. दुर्बिणी लावून बसणाऱ्या हौशी मंडळींनी त्यावरूनच ताडलं की हा ढगांतून, अंधारातून पाहणाऱ्या रडार उपग्रहांच्या घरातला दिसतो.

आपल्याकडे बिल्ल्यांचा एवढा सोस नाही, पण नावं बघा. नौदलाच्या दळणवळणासाठीचा जीसॅट-7 हा 30 ऑगस्ट 2013 ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून गेला. त्याला म्हणतात रुक्मिणी. आता वैदर्भीयांना वेगळं सांगायला हवं का? वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरची लेक. भावानं, रुक्मीनं, शिशुपालाशी लग्न ठरवलेलं, तर घरच्यांच्या नकळत एका ब्राह्मणाहाती थेट समुद्राकाठच्या द्वारकेला निरोप धाडणारी. दर्यावरच्या जहाजांचे निरोप गुपचूप पोचवणाऱ्याला याहून चपखल नाव कुठलं? हा अर्थ माझा हं, इस्रोचा नव्हे. पण तो निरोप वाटेत रुक्मीच्या हाती लागला नव्हता, हे मात्र नौदलाला आवडेल.