सुई टोचली, आणि ती गप्प बसली

चाकणच्या ज्या डेंटल क्लिनिकमध्ये मी आधी असिस्टंट होते, तिथे नियमांची कमतरता नव्हती. ऑटोक्लेव्हच्या वर लॅमिनेट केलेला कागदच लावला होता : 'हसतमुख राहा', 'एकमेकांचा आदर करा', 'टीमवर्क हेच यश'. सरांना तो व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता. त्याच कागदाखाली एका गुरुवारी आमच्यातल्या नव्या मुलीला वापरलेली सुई टोचली, आणि संध्याकाळपर्यंत तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही.

गुरुवार का, हे या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. इथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. आठवडाभर लवंग दाबून ढकललेली दाढ त्या दिवशी खुर्चीत येऊन बसते. बाहेर बाक भरलेला, आत सरांचा आवाज चढलेला. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर तिने घाईत दोन्ही हातांनी सुईला टोपण लावायला घेतलं आणि सुई अंगठ्यात घुसली. तिने हातमोजा बदलला आणि पुढचा ट्रे लावला. आदल्याच आठवड्यात एक्स-रेचा सेन्सर पडला म्हणून पेशंटसमोर तिचा पाणउतारा झाला होता, पगारही कापला होता. आता कोण सांगायला जातंय? शेवटी बोलली ती मावशींजवळ, लादी पुसताना. मावशींनी मला सांगितलं आणि रात्री आम्ही तिला पिंपरीला वायसीएम रुग्णालयात नेलं. पुढच्या तपासण्या सुदैवाने नीट आल्या.

सुई टोचली तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, पिळायची नाही. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या लागल्या तर पहिला डोस शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत. हिपॅटायटिस बीची लस कामावर घेतानाच सुरू करायची. हे सगळं पाठ असूनही, ओरडा बसेल या भीतीने माणूस गप्प बसला तर काय उपयोग? म्हणून स्टाफने कसं वागायचं हा विषय मला शिष्टाचाराचा वाटत नाही, निर्जंतुकीकरणाइतकाच कामाचा वाटतो.

आता मी निगडीला एका मॅडमकडे आहे. तिथे कागद केला तो सगळ्यांनी मिळून, क्लिनिक बंद ठेवून, चहा मागवून. प्रश्न एकच होता : गेल्या काही दिवसांत काय खटकलं? घटना सांगायची, माणसाचं नाव घ्यायचं नाही. बराच वेळ कुणी बोलेना. मग इथल्या मावशी म्हणाल्या, "मला 'ए' म्हणून हाक मारू नका." पहिला नियम तिथेच झाला. 'आदर करा' असं लिहिलं असतं तर मावशींना कुणी काय म्हणायचं, हे कधीच ठरलं नसतं.

दुसरं निघालं ते काउंटरवरचं. एका पेशंटला गुटख्यामुळे तोंड उघडता येत नव्हतं आणि रिसेप्शनवरून ते मोठ्याने विचारलं गेलं. शेजारी त्याच्याच लाइनवरचे दोघे बसले होते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण लाज वाटते ती खाणाऱ्यालाच, विकणाऱ्याला नाही. आता आजाराचं बोलणं दाराआड होतं आणि पैशांचा आकडा कागदावर लिहून दाखवतात. डेंटल कौन्सिलच्या 2014 च्या आचारसंहितेने पेशंटची गुप्तता डॉक्टरवर सोपवली आहे, पण ती फुटते बहुतेक वेळा काउंटरवर.

खुर्चीजवळचा नियम मला सगळ्यात जास्त आवडतो. पाउचवरच्या खुणेचा रंग बदललेला नसेल, म्हणजे हत्यारं ऑटोक्लेव्हमधून गेलेली नसतील, तर कुणीही 'थांबा' म्हणायचं. मॅडमनी हात थांबवायचा आणि तिथे वाद घालायचा नाही. पेशंटसमोर कुणाचीही चूक काढायची नाही, ती त्याच दिवशी शटर ओढल्यावर सांगायची, मॅडमची असली तरी. सेन्सर फुटला, सुई टोचली असं स्वतःहून सांगणाऱ्याचा पगार कापायचा नाही.

आमच्या पेशंटांपैकी बऱ्याच जणांना कंपनीतल्या स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे कामावरचे लेखी नियम, ठाऊक असतात, मुळात 1946 च्या कायद्याने आलेले. त्यात कामगाराच्या गैरवर्तनाची लांबलचक यादी असते. साहेबाने कसं बोलायचं, याला तिथे फारशी जागा नाही. छोट्या क्लिनिकला ते जमू शकतं, कारण मालक आणि मावशी एकाच टेबलावर डबा खातात. डॉक्टर सही करायला तयार नसतील तर मात्र असा कागद करण्याच्या फंदात पडू नका.

एक गोष्ट चहावर ठरवायची नसते : लैंगिक छळाची तक्रार. 2013 च्या कायद्याप्रमाणे 10 किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती नेमावीच लागते. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिचा पत्ता मुलींना सहज दिसेल अशा जागी लावा.

आणि व्हिजिटिंग सर्जनला विसरू नका. अक्कलदाढा काढायला ते गर्दीच्याच दिवशी येतात, घाईत असतात आणि आपल्या असिस्टंटवर खेकसायची सवय दुसऱ्या क्लिनिकमधून घेऊन येतात. आमचा कागद त्यांना पहिल्या केसच्या आधी मॅडम स्वतः पाठवतात. एकाने 'हे काय नवीन?' म्हणून हसून सोडून दिलं, त्यांच्याऐवजी आता दुसरे येतात.