पेरणी, वारी आणि शाळा

भाविक वाचकहो, ज्येष्ठाचे दिवस आले की आपल्या घरांत तीन तयाऱ्या एकदमच सुरू होतात. मृग लागतो आणि शेतकरी पाभर बाहेर काढतो. घरातले वडीलधारे पडशी झटकतात, पताका धुतात, टाळाची दोरी बदलतात. आणि जूनच्या मध्याला पोरांची शाळा उघडते. विदर्भात उन्हामुळे ती आठवडाभर उशिरा उघडते, एवढाच काय तो फरक.

पहिल्या दोन तयाऱ्यांत आपले घर निष्णात आहे. बियाणे कधी आणायचे, बैलजोडी नाहीतर ट्रॅक्टर कोणाचा सांगायचा, हे महिनाभर आधी ठरते. दिंडीत शिधा कोणाचा, तंबू कोणाचा, हेही ठरते. तिसऱ्या तयारीचे मात्र विचारू नका! आदल्या दिवशी बाजारातून दप्तर आणले आणि पोराचे केस कापले की झाली तयारी. म्हणून ह्या तिसऱ्या तयारीविषयी आम्ही आज चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम हिशेब पाहू. 2025 साली शाळा 16 जूनला उघडल्या. देहूहून पालखी 18 जूनला निघाली, आळंदीहून 19 जूनला, आणि आषाढी एकादशी 6 जुलैला आली. ह्या मुदतीत रविवार सोडून शाळेचे अठरा दिवस भरतात. 2024 साली एकादशी 17 जुलैला होती, 2023 साली 29 जूनला. तिथी मागेपुढे सरकते, अधिक मासाने आणखी सरकते. पण शाळेचा पहिला महिना आणि वारी ह्यांची गाठ बहुतेक वर्षी पडतेच. त्यातच पेरणी असते. मग घरात माणूस कमी पडतो आणि पोर घरी राहते.

कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे दोनशे दिवस आणि सहावी ते आठवीसाठी दोनशेवीस दिवस शाळा भरली पाहिजे. दोनशेतले अठरा म्हणजे शेकडा नऊ. कोणी म्हणेल, ‘एवढ्यानं काय बुडतंय? पुढं भरून काढील पोरगं.’

पण भरून निघत नाही, हेच आम्हांस सांगावयाचे आहे. शेतात पहिली वाफ साधली नाही तर पुढे कितीही खत घाला, पीक पुरते सावरत नाही. शाळेचेही तसेच. पहिल्या महिन्यात गुरुजी मागच्या वर्षीचे उजळून घेतात आणि नव्याचा पाया घालतात. एकक, दशक, शतक पक्के होते. मग हातच्याची बेरीज, हातच्याची वजाबाकी. ज्या पोराचा हातचा चुकला, त्याचा पुढे गुणाकार चुकतो, मग भागाकार चुकतो, मग अपूर्णांक तर समजतच नाही. दिवाळीला घरचे म्हणतात, ‘ह्याला गणित जमत नाही.’ वास्तविक त्याचे डोके चांगले असते. फक्त जूनमध्ये ते वर्गात नव्हते. आणि एकदा वर्गात आपल्याला येत नाही असे पोराच्या मनाने घेतले, की ते मागच्या बाकावर सरकते. तिथून त्याला पुढे आणणे फार कठीण.

ह्यातही जास्त भोगते ती घरची थोरली मुलगी. आई रानात, आजी वारीला, तर धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? म्हणून सहावी-सातवीतल्या पोरीला ‘चार दिवस घरी राहा गं’ म्हणतात. चाराचे पंधरा होतात. पोरगी कुरकुर करीत नाही. पण सासरी जाईपर्यंत तिच्या शिक्षणाचे जे काही होते, त्याचा आरंभ ह्या चार दिवसांत असतो. आमचे आग्रहाचे सांगणे आहे की वारीला निघण्यापूर्वी धाकट्याची सोय शेजारी, मावशीकडे, आत्याकडे, अंगणवाडीत, जिथे होईल तिथे करा; पण थोरलीची शाळा मोडू नका.

शंका: पोराला वारीत नेले तर त्यात वाईट ते काय? चार संस्कारच होतील.

समाधान: वाईट काहीच नाही. रविवारी आपल्या गावाजवळ मुक्काम असेल तर पोराला अवश्य न्यावे, टाळ हाती द्यावा, एक मजल चालवावी. पण अठरा दिवस शाळा बुडवून नेऊ नये. आपल्याच संप्रदायात विद्येला कमी लेखलेले नाही. जोगमहाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, ती शिकविण्यासाठीच. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि वारकरीही होते. गाडगेबाबा तर कीर्तनात उभे राहून लोकांना बजावीत, की घरातल्या वस्तूंचा खर्च कमी करा, पण पोरांना शिकवा. तेव्हा वारी आणि शाळा ह्यांत वैर आहे असे कोणी मानू नये. दोन्हींची सोय आधी लावली पाहिजे, इतकेच.

आता तयारी कोणती, ते क्रमाने सांगतो.

पहिली तयारी झोपेची. सुट्टीत पोरे रात्री उशिरापर्यंत जागतात; आता त्यात मोबाइलची भर. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. शाळा उघडण्याआधी पंधरा दिवस निजण्याची वेळ दर दोन दिवसांनी पाव तास अलीकडे आणावी. एकदम ओढली तर जमत नाही. निजण्यापूर्वी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा; आणि मोठ्यांनी आपलाही ठेवावा, नाहीतर पोर ऐकणार नाही.

दुसरी तयारी परवच्याची. पूर्वी दिवेलागणीला शुभंकरोती झाली की पोरे पाढे म्हणत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणत. लांब सुट्टीत वाचन मागे पडते, आणि पाठ केलेले आकडे त्याहून लवकर विसरतात. म्हणून आजचा परवचा असा असावा: दहा मिनिटे पाढे, दहा मिनिटे मागच्या इयत्तेच्या पुस्तकातला एक धडा मोठ्याने वाचणे, आणि दहा मिनिटे त्यात काय होते ते आपल्या शब्दांत सांगणे. ज्या आईबापांना वाचता येत नाही त्यांनी मागे राहण्याचे कारण नाही. समोर बसून ऐकावे, ‘मग पुढं काय झालं?’ असे विचारावे. पोराने सांगता सांगता अडखळले, की कुठे समजले नाही ते त्याचे त्यालाच कळते. ज्या घरी हरिपाठाचा नेम आहे तिथे तर वेळ ठरलेलीच आहे. त्याला जोडून हा अर्धा तास बसवावा.

तिसरी तयारी डोळ्यांची आणि कानांची. पोर वही नाकाशी धरून लिहीत असेल, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवीत असेल, दोनदा हाक मारल्याशिवाय ओ देत नसेल, तर त्याला मठ्ठ म्हणू नका. सरकारी दवाखान्यात नेऊन तपासून घ्या. पुष्कळ ‘ढ’ पोरे चष्मा लागताच हुशार होतात.

चौथी तयारी कागदांची. जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचे पासबुक, लागत असेल तर जातीचा दाखला, हे सारे एका पिशवीत घालून घरातल्या एका माणसाला ती पिशवी ठाऊक असावी. वारीला जाणारा कुलपाची किल्ली घेऊन निघाला आणि इकडे शाळेत कागद मागितला, असे होऊ नये. तरीही एक ध्यानात ठेवा: बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. वयाचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. सरकारी वा अनुदानित शाळेत जाताना मागच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्यावरून अडवता येत नाही. मध्येच शाळा सुटलेल्या पोरालाही वयाच्या मानाने योग्य त्या इयत्तेत बसविण्याची तरतूद आहे. म्हणून कागद नाहीत ह्या भीतीने कोणी पोराला घरी ठेवू नये.

पाचवी तयारी दप्तराची. आणि तिला आम्ही मुद्दाम शेवटी ठेविले आहे. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तके फुकट मिळतात. मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने काढून, दोऱ्याने शिवून कच्च्या कामाची वही होते. दप्तराचे ओझे पोराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावे. वीस किलोच्या पोराच्या पाठीवर दोन किलो, बस्स. रोज रात्री वेळापत्रक पाहून दप्तर पोरानेच भरावे, आईने नव्हे. आपली पडशी आपणच बांधतो, तसेच.

ह्या पाचांपैकी चार तयाऱ्यांना पैसा लागत नाही, नेम लागतो. आणि नेम म्हणजे काय, हे वारकऱ्याला कोणी शिकवायला नको.

आता निघण्याच्या दिवसाविषयी. प्रस्थानाच्या आधी एकदा शाळेत जावे. गुरुजींना, बाईंना भेटून सांगावे, ‘आम्ही अमुक दिवस घरी नाही, पोर अमक्याकडे आहे, काही लागलं तर त्यांना कळवा.’ ज्याच्याकडे पोर ठेवले त्याला शाळेची वेळ, जेवणाची वेळ आणि परवच्याची वेळ सांगावी. वाटेत फोन केला तर ‘जेवलास का?’ एवढ्यावर थांबू नये. ‘आज वर्गात काय झालं?’ हेही विचारावे. मुक्कामावरून आजोबा रोज विचारतात, हे कळले की पोर उत्तर तयार ठेवते. आणि उत्तर तयार ठेवायचे तर वर्गात लक्ष द्यावे लागते!

मायबापहो, पेरणीचा दिवस चुकला तर आपण हळहळतो. एकादशीला कळसाचे दर्शन चुकले तर वर्षभर मन लागत नाही. तितकीच हळहळ पोराचा शाळेतला पहिला दिवस चुकला म्हणून वाटू लागली, तर आपल्या घरातल्या पोरी शिकतील, पोरे शिकतील. ह्या ज्येष्ठात पडशी भरण्याआधी तेवढे दप्तर पाहा, आणि मग निश्चिंत मनाने वाटेला लागा.

रामकृष्णहरी.